जुळवून कोणी घ्यायचं? ऑफिसातली सांस्कृतिक बुद्धिमत्ता, सोप्या भाषेत

जून २०२५ मध्ये पॅरिसच्या एअर शोमधून बातमी आली की फाल्कन २००० हे बिझनेस जेट आपल्या मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पात तयार होणार, फ्रान्सची दसॉल्ट आणि आपली रिलायन्स मिळून करणार, आणि हे विमान फ्रान्सच्या बाहेर बनण्याची ही पहिलीच वेळ. नागपूरकरांना आनंद झाला, व्हायलाच पाहिजे होता. पण अशा बातम्यांसोबत एक शब्दही आपल्याकडे येऊन राहिला, एचआरच्या मेलमध्ये, कॉलेजच्या सेमिनारच्या बॅनरवर, नोकरीच्या जाहिरातीत सगळीकडे दिसतो, कल्चरल इंटेलिजन्स. बरेच जण विचारतात हे आहे काय नेमकं, फ्रेंच साहेबासोबत जेवताना काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवतात का? दुसरीकडे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत ट्रम्प सरकारने आल्या आल्या सरकारी खात्यांतले डायव्हर्सिटीचे, म्हणजे विविधतेचे कार्यक्रम बंद करायचे आदेश काढले, त्यामुळे गोंधळ अजून वाढला, की तिकडे बंद आणि इकडे सुरू, मग हे चांगलं आहे की फालतू? म्हणून म्हटलं एकदा अगदी पायापासून समजून घेऊ.

आधी दोन शब्द

पहिला शब्द विविधता. एका ऑफिसात वेगवेगळ्या भाषेचे, गावाचे, जातीधर्माचे, वयाचे लोक, बाया आणि माणसं, कोणी व्हीलचेअरवर, कोणी आपल्या घरातलं नोकरी करणारं पहिलंच, असे सगळे एकत्र असणं म्हणजे विविधता. ती कोणी बाहेरून आणावी लागत नाही, नागपुरात तर अजिबातच नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने हे शहर वसवलं, मग भोसले आले, मग इंग्रजांनी मध्य प्रांताची राजधानी केली, रेल्वे आली तसे तेलुगू, तमिळ, बंगाली लोक आले, फाळणीनंतर जरीपटक्यात सिंधी वस्ती झाली, इतवारीत बोहरी आणि मारवाडी दुकानं तर त्याच्याही आधीपासून. आता मिहान आणि बुटीबोरीमुळे छत्तीसगड, बिहार, ओडिशा, गडचिरोली, बालाघाट सगळीकडची पोट्टे-पोट्टी एकाच मजल्यावर.

दुसरा शब्द सांस्कृतिक बुद्धिमत्ता. आपल्यापेक्षा वेगळ्या वळणात वाढलेल्या माणसासोबत नीट काम करता येणं, त्याच्या वागण्याचा चुकीचा अर्थ न काढणं आणि गरज पडली तर आपलं वागणं बदलता येणं, ही क्षमता. २००३ मध्ये क्रिस्टोफर अर्ली आणि सिंगापूरच्या सून अँग या दोन अभ्यासकांनी ही कल्पना नीट मांडली. त्यांचं म्हणणं असं की हुशारी वेगळी, स्वभाव गोड असणं वेगळं आणि ही गोष्ट वेगळी, आणि मुख्य म्हणजे ही शिकता येते. पुढे २००७ मध्ये अँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजायला २० प्रश्नांची एक प्रश्नावलीसुद्धा बनवली.

त्यांनी चार भाग सांगितले आहेत. एका उदाहरणात चारही बसतात. समजा पुण्याचा एक मॅनेजर बदली होऊन नागपुरात आला. पहिल्याच दिवशी त्याने पाहिलं की दोन जण मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोरजोरात बोलून राहिले, काय बे, ना बे चालू आहे, त्याला वाटलं भांडण लागलं. आता या लोकांसोबत आपल्याला जमवून घ्यायचंच आहे ही इच्छा त्याच्यात आहे का, हा पहिला भाग, ओढ. इकडे दोस्ती असली की लोक असेच मोकळे आणि मोठ्याने बोलतात हे त्याला ठाऊक आहे का, हा दुसरा, माहिती. मला जे भांडण वाटलं ते खरंच भांडण आहे की मी माझ्या सवयीने तसं वाचून राहिलो, असं तो मनातल्या मनात थांबून स्वतःला विचारतो का, हा तिसरा, भान. आणि हे सगळं झाल्यावर तो रागावून मेल टाकतो की जवळ जाऊन चहा विचारतो, हा चौथा, वागणं. दोन्हीकडचे मराठीच आहेत बरं का, म्हणजे फरक पडायला फ्रान्सपर्यंत जायची गरज नाही.

या चारात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं भान. माहिती गूगलवर भेटते, इच्छा बहुतेकांना असते, पण आपण काढलेला अर्थ चुकीचा असू शकतो हे त्या क्षणाला आठवणं फार अवघड, आणि घाईत असलेल्या मॅनेजरला तर अजूनच अवघड.

चांगला मॅनेजर दुसऱ्या टीममध्ये फेल का होतो

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आपला कूलर घर गारेगार करतो, कारण हवा कोरडी असते, ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. तोच कूलर, तीच मोटर, त्याच ताट्या मुंबईत नेऊन लावा, काही उपयोग नाही, उलट खोली चिकट होते, कारण तिथली हवा आधीच ओली आहे. कूलर बिघडला असं कोणी म्हणणार नाही. मॅनेजरचंही असंच होतं. एका टीममध्ये ज्याच्या कडक बोलण्याने काम झटपट होत होतं, त्याच बोलण्याने दुसऱ्या टीममध्ये लोक तोंड बंद करून बसतात, आणि साहेब म्हणतात की ही टीमच डल आहे. त्यांची पद्धत वाईट नसते, हवा वेगळी असते, पण ते तपासायचं राहून जातं आणि दोष लोकांच्या नावावर लागतो.

देशांचे नंबर आणि त्यातला धोका

या विषयावर कुठलंही ट्रेनिंग लावलं की एक नाव हमखास येतं, गीर्ट हॉफस्टेड. हा डच अभ्यासक आयबीएममध्ये होता आणि १९६७ ते १९७३ च्या दरम्यान त्या कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १ लाखाहून जास्त प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या, त्यातून त्याने देशांची तुलना केली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं माप म्हणजे सत्ता-अंतर, म्हणजे साहेब वर आणि मी खाली हे लोक किती सहज मान्य करतात ते. या मापात भारताला ७७, फ्रान्सला ६८, अमेरिकेला ४० आणि डेन्मार्कला १८. म्हणजे नंबरावर गेलं तर साहेबाचा मान राखण्यात फ्रेंच लोक अमेरिकनांपेक्षा आपल्या जवळ आहेत, मिहानमधल्यांना हे ऐकून नवल वाटेल.

पण हे नंबर हातात घेऊन माणसं ओळखायला निघालात तर फसाल. एक तर ते एकाच कंपनीच्या लोकांचे आहेत आणि पन्नास वर्षांपेक्षा जुने आहेत. दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं, ती सरासरी आहे. देशाच्या सरासरीवरून समोरच्या एका माणसाबद्दल काहीच ठरत नाही. अख्ख्या भारताला एकच नंबर दिला, आता त्यात भामरागडचा माडिया पोरगा, धंतोलीतल्या डॉक्टरची मुलगी आणि कोचीहून आलेली नर्स तिघंही ७७ म्हणायचे का? बिहारी असे असतात, साउथवाले तसे असतात, ही वाक्यं ट्रेनिंगच्या स्लाइडवर छापून आली तरी ते पूर्वग्रहच असतात. माहितीचा उपयोग एवढाच की काय विचारायचं ते सुचतं. उत्तर त्या माणसाकडूनच घ्यायचं.

सगळे गप्प का बसले

हा प्रसंग मी स्वतः जवळून पाहिलेला आहे, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. इथल्याच एका सॉफ्टवेअर टीमचा परदेशी क्लायंटसोबत कॉल. क्लायंटने विचारलं शुक्रवारपर्यंत होईल का, मॅनेजर म्हणाले होईल. मग त्यांनी टीमकडे पाहून विचारलं कोणाला काही अडचण आहे का, आणि कोणीच काही बोललं नाही, मॅनेजर खूष. शुक्रवारी काम झालं नाही, क्लायंट तापला, मॅनेजर त्याच्याहून जास्त तापले. नंतर खाली टपरीवर चहा पिताना हळूहळू बाहेर आलं की टेस्टिंगचा सर्व्हर त्या आठवड्यात बंद राहणार हे टीममधल्या एका मुलीला आधीच ठाऊक होतं. मुलगी गडचिरोली जिल्ह्यातली, कामात एकदम पक्की. मॅनेजरने विचारलं, मग सांगितलं काहून नाही? ती म्हणाली, सर तुम्ही होईल म्हणून सांगून टाकलं होतं न क्लायंटला.

तिच्या बाजूने पहा. साहेबाने बाहेरच्या माणसासमोर शब्द दिला, आता त्याच माणसासमोर आपण होत नाही म्हणायचं म्हणजे साहेबाची इज्जत काढायची, असं तिच्या घरात, शाळेत, कॉलेजात कुठेच कोणी शिकवलं नव्हतं, उलटच शिकवलं होतं. ती गप्प बसली ती मान राखायला. आणि क्लायंटच्या बाजूने पहा, त्याच्या वळणात गप्प बसणं म्हणजे अडचण नाही, इतकं सरळ. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड हॉल यांनी हाच फरक १९७० च्या दशकात मांडला होता, काही समाजांत शब्दात सगळं सांगून टाकतात आणि काही समाजांत निम्मं न बोलता समजून घ्यायचं असतं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी छान चालतात, एका कॉलवर एकत्र आल्या की शुक्रवार हुकतो.

आता यात कोणी बदलायचं? आपल्याकडचं नेहमीचं उत्तर म्हणजे त्या मुलीला कम्युनिकेशन स्किलच्या कोर्सला पाठवा. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. ती तर आधीच जुळवून घेऊन राहिली आहे, घर सोडून नागपुरात रूम करून राहते, दिवसभर इंग्रजीत काम करते, मेसचं खाते, दुसऱ्यांच्या पद्धतीने बोलायला शिकते. साहेबाने किती जुळवून घेतलं? त्या मॅनेजरचं कौतुक यासाठी की त्यांनी पुढच्या वेळेपासून पद्धत बदलली. कॉलच्या आधी प्रत्येकाने एक ओळ लिहून पाठवायची की यात काय फसू शकतं, मराठीत लिहा, हिंदीत लिहा, मोडक्या इंग्रजीत लिहा, आणि अडचण नाही असं लिहायला परवानगी नाही. आणि मीटिंगमध्ये साहेब सगळ्यात शेवटी बोलणार. याला पैसा लागला नाही, कन्सल्टंट लागला नाही. लोक एका दिवसात बोलके झाले नाहीत, पण सर्व्हर बंद असल्याची बातमी टपरीवर कळायची ती आता आधी कळू लागली.

या सगळ्या विषयात मला कळकळीने सांगायचं आहे ते एवढंच, ज्याच्या हातात जास्त पॉवर त्याने जास्त जुळवून घ्यायचं. नवीन आलेला, संख्येने कमी असलेला, खालच्या पगारावरचा माणूस तर पोटासाठी रोजच जुळवून घेतो, त्याला वेगळी बुद्धिमत्ता शिकवायची फारशी गरज पडत नाही.

सुट्ट्यांची यादी कोण बनवतं

कुठल्या ऑफिसला ही गोष्ट खरंच समजली आहे हे पाहायचं असेल तर त्यांच्या भिंतीवरची पोस्टर पाहू नका, सुट्ट्यांची यादी पहा.

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा, जो आधी १० किंवा जास्त आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानं-ऑफिसांना पूर्ण लागू होतो, तो सांगतो की वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या द्यायच्या. त्यातल्या चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपसात ठरवायच्या. आपसात हा शब्द किती ऑफिसात पाळला जातो ते तुमच्या ऑफिसात विचारून पहा. बहुतेक ठिकाणी यादी हेड ऑफिसातून येते, बंगळुरूहून नाहीतर गुरुग्रामहून, डिसेंबरमध्ये मेल येतो आणि विषय संपतो.

आता नागपूरचं पहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबत निघते, काळी आणि पिवळी अशा मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, शंभर वर्षांहून जुनी परंपरा, इडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणत अर्धं शहर इतवारी-महालच्या रस्त्यावर उतरतं, लहान पोट्टे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. हेड ऑफिसच्या यादीत हे कधीच नसतं. मग पोरगा रजा टाकतो आणि सिस्टीममध्ये कारण लिहायला सांगतात, तिकडून फोन येतो कि ये क्या त्योहार है, आणि त्याला आपलाच सण एका अनोळखी माणसाला फोनवर पटवून द्यावा लागतो. १४ एप्रिलला दीक्षाभूमीकडे आणि संविधान चौकाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरलेले असतात, सरकारी सुट्टी असते, पण अनेक खाजगी ऑफिसांत तो कामाचा दिवस. ईदची तारीख चंद्रावर, आणि सुट्टी आदल्या महिन्यातच फिक्स केलेली, एक दिवस इकडेतिकडे झाला की माणूस अडकला. छठला घरी जायचं तर दोन दिवस रेल्वेतच जातात.

याच्यावर सोपा उपाय बऱ्याच कंपन्यांनी काढला आहे, चारपैकी दोन सुट्ट्या सगळ्यांना सारख्या आणि दोन प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या घ्यायच्या. चांगला उपाय आहे, पण त्यातसुद्धा एक मेख असते. पसंतीच्या सुट्टीलाही साहेबाची मंजुरी लागते आणि कारण विचारलं जातं. कारण विचारलं की माणसाला आपला धर्म, आपली जात, आपला समाज टेबलावर ठेवावा लागतो, आणि काही लोकांना ते नको असतं, त्यांच्या अनुभवावरून नको असतं. कारणाचा रकानाच काढून टाका. तारीख टाकली, सुट्टी मिळाली, संपलं.

आणि दिवाळीच्या शिफ्टचा रोस्टर पण एकदा पाहून घ्या. दरवर्षी त्या पाच दिवसांत ड्युटीला कोण असतं? तुला तर दिवाळी नसते न, तू ये, असं हसत हसत म्हणून ठरावीक लोकांनाच बोलावलं जातं. ते येतातही, नाही म्हणत नाहीत. पण पोरांच्या शाळेला सुट्टी त्यांच्याही घरी असते, गावाहून पाहुणे त्यांच्याही घरी येतात. आणि त्याच माणसाला ईदच्या किंवा नाताळच्या दिवशी सुट्टी मागताना हात जोडावे लागत असतील तर मग हा हिशेब बरोबर नाही.

आमच्याकडे भेदभाव नाहीच, आम्ही सगळे एकत्र डबा खातो

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि म्हणणारा माणूस मनापासून म्हणत असतो. तरीही त्याला तो दिसेलच असं नाही, कारण भेदभाव ज्याच्याशी होतो त्यालाच आधी दिसतो.

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेचे पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले, शिक्षण-अनुभव सारखा, फक्त नाव वेगळं, एक सवर्ण हिंदू वाटणारं, एक दलित वाटणारं, एक मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. माणूस समोर आलासुद्धा नव्हता, फक्त नाव गेलं होतं. मेरिट पहा, बाकी काही पाहू नका, असं जे म्हणतात त्यांच्यासाठी हा अभ्यास आहे, कारण इथे मेरिट तेच होतं.

आणि हे आजचं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीचे कामगार म्हणत विटाळ होतो. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उचलून धरला आणि संपाच्या मागण्यांमध्ये तो घ्यायला लावला. म्हणजे कामाच्या जागी विविधता कशी सांभाळायची हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षांपासून विचारला जातो, परदेशी कंपन्यांनी आणून दिलेला नाही.

आता धागा कोणी तोंडाने ओढत नाही. आता नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला विचारतात, पूर्ण नाव काय, आडनाव काय, नाही म्हणजे मूळ गाव कोणतं, नागपुरात कुठे राहता, अच्छा त्या भागात का. विचारणाऱ्याला ही साधी ओळख वाटते. ज्याला विचारलं त्याला तिसऱ्या प्रश्नापर्यंत कळलेलं असतं की काय शोधणं चालू आहे. मग तो डबा एकत्र खातो, हसतो पण, पण प्रमोशनची चर्चा जिथे होते त्या क्रिकेटच्या ग्रुपमध्ये, त्या शनिवारच्या सावजी पार्टीत तो नसतो. आणि जो सावजी खात नाही, किंवा जी मुलगी रात्री अकराला हुडकेश्वरला एकटी परत जाऊ शकत नाही, तेही नसतात. कोणी ठरवून काढलेलं नसतं. म्हणून तर कामाचे निर्णय कामाच्या वेळेत आणि सगळ्यांसमोर व्हायला पाहिजेत, आणि प्रमोशन कशावर मिळतं ते लिहून टांगलेलं पाहिजे.

मराठी माणसानेच का जुळवून घ्यायचं?

हा प्रश्न मला रास्त वाटतो, तो दाबून टाकू नये. नागपूर १९५६ पर्यंत अशा प्रांताची राजधानी होतं जिथे हिंदी आणि मराठी दोन्ही चालायच्या, त्यामुळे इथला माणूस समोरच्याने हिंदी सुरू केली की आपोआप हिंदीवर जातो, दुसऱ्या मिनिटाला दोन मराठी माणसंही आपसात हिंदीत बोलून राहिलेले दिसतात. हा मोकळेपणा आहे, मला आवडतो. पण ऑफिसात दहापैकी आठ जण मराठी असताना बाहेरून आलेला एक साहेब पाच-पाच वर्षं राहून मराठीचं एक वाक्य शिकत नसेल, तर जुळवून घेणं एकाच बाजूने चाललं आहे. वर जो पॉवरचा मुद्दा सांगितला तो इथेही तसाच लागतो, साहेब बाहेरचा असेल तर त्याने शिकायचं, आणि साहेब मराठी असेल आणि पोरगा ओडिशातल्या झारसुगुड्याहून आलेला असेल तर साहेबाने सोपं आणि हळू बोलायचं. पोराला मराठी आली नाही म्हणून त्याला घालूनपाडून बोलणं यात भाषेचं काहीच भलं नाही.

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत तर हा जिवाचा प्रश्न आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलं होतं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावायच्या. बहुसंख्य. मग जे ठेकेदाराकडून आलेले चारपाच उडिया किंवा छत्तीसगडी कामगार आहेत त्यांनी प्रेस मशीनजवळचा बोर्ड कसा वाचायचा? चित्र लावा, त्यांच्यातल्याच एकाकडून पहिल्या दिवशी करून दाखवा, आणि समजलं का असं विचारू नका, कारण समजलं असंच सांगतील, करून दाखवायला सांगा.

याने कंपनीला फायदा होतो का खरंच?

इथे खूप लोक फेकतात, म्हणून जे माहीत आहे तेवढंच सांगतो. २०१० मध्ये गुंटर स्टाल आणि सहकाऱ्यांनी १०८ अभ्यास आणि १०,६३२ टीम यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. वेगवेगळ्या संस्कृतीचे लोक असलेल्या टीममध्ये कल्पना जास्त येतात, पण वादही जास्त होतात आणि एकमेकांत मिसळणं कमी असतं. म्हणजे नुसती वेगवेगळी माणसं गोळा केली की धंदा वाढतो असं काही नाही. वाद कसा हाताळता त्यावर आहे, आणि तो हाताळायची क्षमता म्हणजेच हा सगळा विषय.

ट्रेनिंगचं म्हणाल तर फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव यांनी अमेरिकेतल्या ८०० हून जास्त कंपन्यांचा तीस वर्षांचा डेटा पाहिला. मॅनेजरांना सक्तीने डायव्हर्सिटी ट्रेनिंगला बसवलं त्या कंपन्यांत पाच वर्षांनी मॅनेजर पदावरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण वाढलं तर नाहीच, सरासरी ९ टक्क्यांनी घटलं. माणसाला पकडून बसवलं की तो मनातून विरोध करतो. त्यांना चांगला परिणाम दिसला तो दुसऱ्या गोष्टींत, सीनियर माणसाला एका ज्युनियरची जबाबदारी द्या, मॅनेजरांनाच कॉलेजात भरतीला पाठवा, कोणाला किती प्रमोशन मिळालं याचे आकडे सगळ्यांना दिसू द्या.

म्हणून अमेरिकेने बंद केलं तर आपण काहून करायचं, याचं उत्तर असं की तिकडचा वाद सरकारी कार्यक्रम, कोटा आणि त्यांचं राजकारण यांचा आहे, त्यांचं ते पाहून घेतील. गडचिरोलीच्या त्या मुलीने अडचण सांगितली नाही तर शुक्रवार हुकणार, मग वॉशिंग्टनमध्ये सरकार कोणाचंही असो.

मग किती जुळवून घ्यायचं, काही हद्द आहे की नाही?

आहे. आमच्याकडे असंच चालतं, हे कारण तीन ठिकाणी चालणार नाही, सुरक्षितता, पैशाचा हिशेब आणि माणसाची इज्जत. हेल्मेट घालणं आमच्या सवयीत नाही, चालणार नाही. आणि सगळ्यात जास्त सोंग घेतलं जातं ते तिसऱ्याबाबत. साहेब जरा मोकळ्या स्वभावाचे आहेत, त्यांच्याकडे पाठीवर हात ठेवायची पद्धतच आहे, असं सांगून मुलींना समजून घे म्हणतात. २०१३ च्या पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या जागी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याच्या कायद्यात, असं कुठेही लिहिलेलं नाही. १० किंवा जास्त लोक काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती पाहिजे, तिची अध्यक्ष वरच्या पदावरची महिला पाहिजे, एक सदस्य कंपनीच्या बाहेरचा पाहिजे, तक्रार प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची. जिला लिहिता येत नाही तिला लिहायला मदत करायची जबाबदारी समितीवर आहे. समितीवर कोण कोण आहे त्यांची नावं तुमच्या ऑफिसात कुठे लावली आहेत ते पहा, आणि लावली नसतील तर एचआरला मेल टाकून मागा.